तोरणातलं बी

दसऱ्याला दारावर चढलेलं झेंडूचं तोरण दिवाळीपर्यंत कुणी उतरवत नाही. तोवर ते तपकिरी पडतं, पाकळ्या कुरकुरायला लागतात. मग घरातलं एखादं धोरणी माणूस ते निर्माल्यात न टाकता सुपात काढून ठेवतं. वाळलेलं फूल देठाकडून धरून चुरलं की आतून बारीक काड्यांचा जुडगा निघतो. एक टोक काळंभोर, दुसऱ्या टोकाला पिवळट झुपका. हेच बी. फिकट आणि दाबलं की लवणारं ते पोचट, फुंकरीसरशी उडून जातं. बाजारातलं फूल कोवळंच तोडलेलं असतं, त्यामुळे पोचटच जास्त निघतं.

निवडून उरलेलं पेरावं. बोटाच्या पेराइतकं खोल गाडायचा मोह आवरायचा. वरून मातीचा पातळ थर पुरतो. पाचसहा दिवसांत कोंब वर येतात आणि मग हौशी हात पाण्याची झारी घेऊन धावतो. कुंडी सतत ओली राहिली की रोपं बुडाशी सडून आडवी होतात.

वाचलेली फुलतात तेव्हा 'खाण तशी माती' ही म्हण खोटी ठरते. बाजारचा टपोरा झेंडू बहुधा संकरित, त्यामुळे त्याच्या बियांतून कुणी एकेरी, कुणी लिंबूपिवळं, कुणी भलतंच उंच निघतं. पाकिटावरच्या चित्राबरहुकूम फुललेल्या वाफ्यापेक्षा हा गोतावळा बघायला जास्त मजेचा.

झेंडू मूळचा इथला नाही, हे ऐकून पूजेला बसलेली माणसं दचकतात. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा; पोर्तुगीजांबरोबर इकडे आला असं मानतात. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची आठवण जागवतात. थडगी झेंडूने मढवतात, घरात मांडलेल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात. रंगाच्या आणि वासाच्या खुणेवर मृतांना घर सापडतं अशी श्रद्धा. झेंडूचा तो उग्र वास, जो नाजूक नाकांना सोसत नाही, तिथे वाटाड्याचं काम करतो! आपल्याकडे मात्र पितृपक्ष सरला, नवरात्र बसलं की झेंडूचे दिवस येतात. तिकडे पितरांसाठी, इकडे शस्त्रं, वह्या आणि स्कूटरसाठी. पण हंगाम जवळजवळ तोच. मुंबई आणि मेक्सिको सिटी दोन्ही १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, आणि या मोठ्या झेंडूला दिवस आखूड व्हायला लागला की बहर येतो. देव वेगळे, सूर्य एकच.

शेतकऱ्याला हे गणित चुकवून चालत नाही. दसरा गाठायचा तर बी पावसाळ्यातच पडायला हवं. तीनचार आठवड्यांनी लावणी, मग शेंडा खुडायचा म्हणजे फुटवे येतात, आणि लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी तोडा. गॅलरीतल्या कुंडीला असली मुदत नाही.

तेरड्याला तर पेरणाराही लागत नाही. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लागलं तरी साल झटक्यात आत गुंडाळते आणि बिया शेजारच्या कुंडीत. कोकणात गौर म्हणून पुजायचा तो हाच, भादव्यात रानातून मुळासकट आणलेला. झेंडूच्या कौतुकात त्याच्याकडे जरा दुर्लक्षच झालं आहे.

पेटुनियाच्या भानगडीत मात्र नवख्याने पडू नये. एका ग्रॅममध्ये हजारो बिया, त्यांना रुजायला उजेड हवा म्हणून वर माती टाकायची नाही, आणि पाणी द्यायचं तेही तळातून. पेरताना पंखा बंद ठेवावा. सर्दी झाली असेल तर काम दुसऱ्याला सांगावं.