शिंकुलाची वाट

लाहौल खोऱ्यातील दारचा या गावापाशी वाट दुभंगते. लेहचा हमरस्ता बारालाचाकडे निघून जातो आणि दुसरी वाट शिंकुला घाटाकडे चढू लागते. घाटमाथ्याची उंची सुमारे १६,६०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या तिपटीहून अधिक! तेथे झाड नाही, झुडूप नाही. चार पावले टाकली की श्वास अपुरा पडतो.

माथ्यापलीकडे झंस्कार. उतारावर गुम्बोक रांगन नावाचा एकाच शिळेचा वाटावा असा उत्तुंग सुळका उभा आहे. बौद्ध जन त्यास पवित्र मानतात. त्याच्या पुढे कारग्याक हे पहिले गाव. हिवाळ्यात हा घाट बर्फाने बंद होई, कारगिलकडचा पेन्झी-ला घाटही बंद होई. मग गोठलेल्या झंस्कार नदीच्या पाठीवरून चालत जाणे एवढाच मार्ग उरे. त्यास तेथे ‘चादर’ म्हणतात. हौशी प्रवासी मोठ्या कौतुकाने ती चालून येतात. परंतु वाचकहो, अडलेल्या बाळंतिणीस अथवा तापाने फणफणलेल्या मुलास त्या बर्फावरून न्यावयाचे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करावा.

याच झंस्कारचे चुल्तिम चोंजोर. लोक त्यांना ‘मेमे’, म्हणजे आजोबा म्हणतात. सरकारी हस्तकला खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ सत्तरीच्या घरात असताना, २०१४ च्या सुमारास, शिंकुलावरून रस्ता काढावयास निघाला. वडिलोपार्जित मालमत्ता त्यांनी विकली, सुमारे ५७ लक्ष रुपये खर्चून डोंगर फोडणारे यंत्र व इतर सामग्री घेतली. शिधा व इंधन वाहावयास गाढवे होती. घाटाअलीकडील रामजकपासून पलीकडील कारग्याकपर्यंत ३८ किलोमीटरची कच्ची वाट त्यांनी खोदून काढली. ज्या वयात माणूस मालमत्तेची वाटणी मुलांत कशी करावी या विवंचनेत असतो, त्या वयात यांनी ती रस्त्यावर घातली, अगदी अक्षरशः!

२०२१ साली भारत सरकारने त्यांना समाजसेवेसाठी ‘पद्मश्री’ जाहीर केली. १९५४ साली सुरू झालेल्या या नागरी सन्मानाबरोबर धन मिळत नाही. आणि तो किताब नसल्यामुळे नावामागे लावताही येत नाही, जरी आपल्याकडील सभा-समारंभांच्या पत्रिकांना हा नियम ठाऊक नसावा असे दिसते. मिळते ते एक प्रशस्तिपत्र आणि एक पदक. पदकावर कमळ कोरलेले असते. शिंकुलाच्या वाटेवर कमळ कोठून दिसणार! पण विकलेले घरदार ज्यास परत नको होते, त्यास धन न देणारा सन्मान शोभला असे मला वाटते.

वाट पुढे सीमा सडक संघटनेने हाती घेतली. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सलग जोडला गेला. २६ जुलै २०२४ रोजी शिंकुलाखालील ४.१ किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. तो पुरा झाला म्हणजे वाहने डोंगराच्या पोटातून जातील, आणि माथ्यावरून काढलेल्या मेमेंच्या त्या वळणावळणाच्या वाटेवर पुन्हा बर्फ साचेल.