एका हाताने उघडणारी पेटी

प्रथमोपचाराची छोटी पेटी घरी करायची म्हटली की मलम कोणते, गोळ्या कोणत्या, याची यादी आधी होते. डबा ठरतो शेवटी, घरात रिकामा सापडेल तो: कंपास पेटी, चष्म्याचे घर, साबणदाणी, जुना टिफिन. फार तर आत किती मावते आणि पाणी शिरते का, एवढे पाहिले जाते. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही पेटी एका हाताने उघडते का? वाहत्या रक्तावर पहिला उपाय म्हणजे जखमेवर थेट दाब, आणि तो मध्येच सोडायचा नसतो. सह्याद्रीतल्या वाटेवर कुणाच्या पोटरीला खोल जखम झाली, तर मदत करणाऱ्याचा एक हात तिथेच अडकतो. उरलेला हात ओला, चिखलाने किंवा रक्ताने निसरडा झालेला असतो. फिरकीच्या झाकणाची बरणी इथेच बाद होते. कंपास पेटीचे झाकण घट्ट बसते, जोर लावला की झटक्याने उघडते आणि बँडेज गवतात सांडते. चष्म्याचे घर अंगठ्याने सहज उघडते, पण 10 सेंटीमीटर रुंदीच्या क्रेप बँडेजची गुंडाळी त्यात जात नाही. चिकटपट्ट्या आणि एखादे मलम ठेवून ते खिशात बाळगायला उत्तम. पायवाटेसाठी मात्र मी तीन बाजूंनी चेन असलेली चपटी कापडी पिशवीच सुचवते. चेनीला जाड नाडी बांधायची. पिशवी गुडघ्याखाली दाबून नाडी ओढली की ती पुस्तकासारखी उघडी पडते आणि काय कुठे आहे ते एका नजरेत दिसते.

कापडी पिशवी पावसात भिजणार, हा आक्षेप रास्त आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे कापडाचा टिकाव लागणार नाहीच. शिवाय निर्जंतुक गॉजचे कागदी वेष्टन एकदा भिजले की ते वाळल्यावरही आतले गॉज निर्जंतुक मानता येत नाही. पण म्हणून क्लिपांचा हवाबंद डबा घेतला, तर भर पावसात तो उघडल्याबरोबर सगळेच एकदम भिजते. दुसरी अडचण दमट हवेची. ऑगस्टमधल्या ओल्या दिवशी भरलेल्या डब्यात ती हवाही बंद होते, आणि घाटमाथ्यावर गारवा आला की झाकणाला आतून दव धरते. सिलिका जेलची पुडी ही ओल शोषते, पण डबा वारंवार उघडला की ती लवकर निकामी होते. म्हणून पाणी अडवण्याचे काम बाहेरच्या पेटीवर न टाकता आतल्या झिपलॉक पाकिटांवर सोपवावे. जखमेचे सामान एकात, गोळ्या दुसऱ्यात, ओआरएसची पुडी तिसऱ्यात. लागेल तेवढेच पाकीट उघडते, बाकीची कोरडी राहतात. बोटे साथ देत नसतील, तर पाकीट दातांनी फाडताही येते. पाकिटे विरतात, हे खरे. दर पावसाळ्याआधी ती बदलायची, म्हणजे त्याच बैठकीत मुदत संपलेली औषधेही हाती लागतात.

मऊ पिशवीत गोळ्यांचा भुगा होईल, असेही विचारले जाते. स्ट्रिपमधून काढून डबीत भरलेल्या गोळ्यांचा तो टणक डब्यातही होतो, एकमेकींवर आपटून. स्ट्रिपमध्येच ठेवल्या तर त्या ओलीपासून वाचतात, आणि औषधाचे नाव व मुदत सोबत राहते. अर्धीच स्ट्रिप न्यायची असेल, तर मुदत छापलेला अर्धा भाग न्यावा आणि पाठीशी जाड पुठ्ठ्याचा तुकडा लावावा. टणक डब्याची खरी जागा घरात आहे: लहान मुलांच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. तिथे घाई असली तरी दुसरे कुणी मदतीला असते. मोटारीत मात्र डबा कसलाही असो, गोळ्या कायमच्या ठेवू नयेत. वेष्टनावर 25 किंवा 30 अंशांखाली ठेवण्याची सूचना असते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान त्याच्या कितीतरी वर जाते.

पिशवी उघडणारा माणूस तिचा मालक असेलच असे नाही. जखमी कदाचित तोच असेल. म्हणून रंग भडक हवा आणि जागा सॅकच्या सर्वांत वरच्या कप्प्यात. वर लाल क्रॉस काढण्याची सवय मात्र सोडावी. 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह संरक्षित आहे, परवानगीवाचून वापरता येत नाही. प्रथमोपचाराची आंतरराष्ट्रीय खूण आहे हिरव्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस. हिरव्या कापडाचा तुकडा आणि पांढऱ्या दोऱ्याचे दोन जाड टाके एवढ्यात ती तयार होते.