डिस्क चिरकते तेव्हा

मिरगाचा पाऊस झाला की भातकुलीच्या पांदणांतली काळी माती चाकाला सोडत नाही. रिमवर दाबणाऱ्या जुन्या ब्रेकचे गुटके त्या चिखलावरून नुसते घसरत राहायचे. डिस्क ब्रेक मला आवडले ते यासाठीच. डिस्क आसाजवळ असते, चिखलापासून वर. माती तिथंही पोचते, पण उशिरा. पोचली की बारीक कण पॅडमध्ये रुतून बसतात आणि ब्रेक चिरकू लागतो.

आवाज आला की लोकांना आधी तेल आठवतं. "काका, लई चिरकते. तेल टाकलं तरी तसाच आवाज येऊन रायला," म्हणत एखादी शाळकरी पोर सायकल उभी करते, तेव्हा माझ्या पोटात गोळाच येतो. साखळीला तेल हवं. पॅडला ते विष. पॅडचा घासणारा थर तेल पिऊन घेतो आणि मग डिस्कला धरतच नाही. असे पॅड मी घासून परत बसवत नाही. नवे टाकतो, डिस्क स्पिरिटनं पुसतो आणि नंतर तिला बोट लावत नाही, कारण बोटालाही तेलकटपणा असतो. हे सगळं त्या पोरीला सांगायला लागणारा वेळ मी कामातच धरतो. चिरकण्याची तक्रार तशी फार जुनी आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं 1902 मध्ये मोटारीसाठी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळायचे.

चाक उतरवून, पिन ओढून जुने पॅड मधल्या स्प्रिंगसकट बाहेर काढले की मी ते उन्हात धरून बघतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकलींचा ब्रेक वायरचा. त्यात सहसा बाहेरचाच पॅड हलतो. तो डिस्कला आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. आतला झिजला आणि त्याचा स्क्रू कुणी पुढे घेतला नाही, तर प्रत्येक ब्रेकला डिस्क वाकते. मग नुसती वायर ताणून काही साधत नाही. पत्र्यावरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड संपला. तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक असेल तर जुने पॅड आत असतानाच पिस्टन मागे सारावेत, आणि पॅड काढल्यावर लिव्हरला हात लावू नये.

खरं काम नंतरचं. वायर आणि आतला स्क्रू सैल करून नवे पॅड बसवायचे. पॅड धरणाऱ्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ढिले करून आतला पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये मी लग्नपत्रिकेचा कपटा सरकवतो, लिव्हर दाबून धरतो आणि बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळतो. एकच बोल्ट एका दमात आवळला की कॅलिपर तिरका होतो. कपटा काढून खाली पांढरा कागद धरायचा आणि वरून बघायचं: डिस्कच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे. चाक फिरवताना एकाच जागी खर्र झालं तर तो डिस्कचा आउट. तेवढीच जागा फडक्यात धरून अगदी हलक्या हातानं सरळ करायची.

पूर्णाकाठचा आमचा हा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यानं सायकल धुतली की मीठ वायरच्या नळीत मुरतं, वायर गंजते आणि लिव्हर जड होते. लोक दोष पॅडला देतात. म्हणून पॅडसोबत वायरही ओढून बघतो. खरखरली तर बदलतो.

नवा पॅड लगेच पुरता धरत नाही. थोडा वेग घ्यायचा, हळूहळू दाबत चाक थांबत आलं की सोडायचं, पुन्हा वेग घ्यायचा. हे मी दुकानासमोर पोरीकडूनच करून घेतो. लिव्हर मुठीला टेकायच्या आत सायकल थांबू लागली की मगच तिला अमरावतीच्या रस्त्याला लागू देतो.