पावाचा कोरियन चुलतभाऊ

ब्रेडला कोरियन भाषेत काय म्हणतात माहितीये? 'प्पांग'. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आता 'पाव' म्हणा. पेटली ट्यूब? पेटायलाच हवी! दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं आहेत. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात घुसले आणि त्यांच्या ब्रेडचा आपल्याकडे 'पाव' झाला. तेच पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले, तिथं त्याचा 'पान' झाला. जपानमार्गे तो कोरियात शिरला आणि 'प्पांग' होऊन बसला.

म्हणजे बटाटेवड्याला मिठी मारून बसलेला आपला पाव आणि के-ड्रामातली हिरॉईन ऑफिसला उशीर झाला म्हणून तोंडात कोंबते तो बन, हे चक्क चुलतभाऊ! हे कळल्यापासून पुण्या-मुंबईतल्या कॅफेच्या मेन्यूवर 'कोरियन क्रीम चीज गार्लिक बन' दिसला की मला उगाचच लग्नात लांबचा नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं. हा बन कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कांगनुंग शहरात गाजला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलच्या स्क्रीनवरून जगभर पोचला. तिकडे त्याला 'युक्चोक मानुल प्पांग' म्हणतात, म्हणजे सहा पाकळ्यांच्या लसणाचा ब्रेड. आपल्याकडे तो बऱ्याचदा इतका गोड असतो की लसूण आपण इथं कशाला आलो या विचारात पडलेला दिसतो. मूळचा बनही गोडच, पण त्यात लसणाचा आवाज व्यवस्थित ऐकू येतो.

तर, सोलमध्ये दहा दिवस होते, त्यातले दोन मी ब्रेडच्या नावे काढले. राजवाडे बघितले, हानबोक घालून फोटोही काढले, ते सगळं झालं. पण लिहायचं आहे ते पोटातलं.

पहिला दिवस सोंगसू-दोंगचा. हा सोलचा एके काळचा कारखान्यांचा भाग, चपला-बुटांच्या वर्कशॉप्ससाठी प्रसिद्ध. आता त्याच विटांच्या गोडाउनांमधून कॅफे, गॅलऱ्या आणि ब्रॅंडेड दुकानं. आपल्या लोअर परळसारखंच, फक्त इथं जुन्या भिंती बऱ्याच प्रमाणात तशाच ठेवल्या आहेत. इथली क्रेझ म्हणजे 'सोगुम प्पांग', मिठाचा ब्रेड. दिसायला क्रोसॉंचा साधा-सरळ भाऊ. कणकेची पट्टी लाटायची, तिच्यात लोण्याची कांडी ठेवून गुंडाळी करायची, वर जाडं मीठ आणि थेट भट्टीत. भट्टीत लोणी वितळतं, आत एक पोकळ बोगदा उरतो आणि खाली पाझरलेल्या लोण्यात ब्रेडचा तळ तळल्यासारखा खरपूस होतो. तो तळ म्हणजे जान आहे, बॉस! वरून मऊ, खाली कुरकुरीत, मध्येच मिठाचा एक खडा दाताखाली. इतकं साधं काहीतरी इतकं चांगलं लागावं याचा मला थोडा रागच आला.

गंमत अशी, की हा ब्रेडही मुळात कोरियाचा नाही. तो जपानमधल्या एहिमे भागातल्या एका बेकरीनं या शतकाच्या सुरुवातीला काढला. कोरियात तो आला आणि कोरियन लोकांनी त्याला असा काही उचलून धरला, की आता बाहेर तो कोरियन म्हणूनच ओळखला जातो. मग प्रश्न पडतो की 'कोरियन ब्रेड' म्हणजे नक्की काय? त्याचं उत्तर सोलमध्ये मिळालं नाही. त्यासाठी गाडी पकडावी लागली.

कोरियन तरुण मंडळींनी एक शब्द बनवलाय, 'प्पांगजी-सुल्ल्ये'. पवित्र स्थळांच्या यात्रेला 'सोंगजी-सुल्ल्ये' म्हणतात, त्यातला 'सोंग' काढून 'प्पांग' बसवला. थोडक्यात, ब्रेडची वारी! शनिवार-रविवारी मुलंमुली गावोगावच्या बेकऱ्या पालथ्या घालतात. या वारीचं पंढरपूर म्हणजे डेजॉन शहरातली 'सोंगशिमदांग' बेकरी.

सोलहून डेजॉन बुलेट ट्रेननं साधारण तासाभराचं. वाटेत छॉनान लागतं. हे गाव अक्रोडाच्या आकाराच्या छोट्या केकसाठी प्रसिद्ध आहे, आत गोड डाळीचं सारण आणि अक्रोडाचा तुकडा. १९३४ पासून हा धंदा चालू आहे आणि प्रवासात तो घेतल्याशिवाय पुढं जायचं नाही असा रिवाज. लोणावळ्याच्या चिक्कीचंच प्रकरण.

डेजॉनला माझा एक कॉलेजमित्र गेली तीन वर्षं संशोधन करतोय. हे शहरच संशोधन संस्थांचं. १९९३ मध्ये इथं मोठं एक्स्पो भरलं होतं, पण फिरण्याच्या दृष्टीनं कोरियन लोक त्याला 'नोजॅम', म्हणजे मजा नसलेलं शहर म्हणून चिडवतात.

"अगं, इथं पाहुणे आले की दाखवायचं काय याचं लोकांना टेन्शन असतं," तो स्टेशनवरच म्हणाला. "सगळे शेवटी बेकरीतच नेतात. चल, रांग वाढायच्या आत पोचू."

रांग वाढलेलीच होती. उनहेंग-दोंगच्या कोपऱ्यापासून वळसा घेऊन गेलेली. पण आपल्याकडच्या रांगेसारखी धुसफूस नाही. ती भराभर सरकते, आणि आत गेलं की एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात चिमटा घेऊन आपलं आपण फिरायचं. मी अक्षरशः खेळण्यांच्या दुकानात सोडलेलं पोर झाले होते.

तळलेला हिरो

इथला हिरो 'थ्विगिम सोबोरो'. सोबोरो म्हणजे वर शेंगदाण्याच्या चवीचा रवाळ, खडबडीत थर असलेला बन. या खडबडीतपणामुळे कोरियन लोक त्याला 'देवीचे व्रण असलेला ब्रेड' असंही म्हणतात. सोंगशिमदांगनं १९८० मध्ये त्याच्या पोटात लाल डाळीचं सारण भरलं आणि अख्खा बन तेलात सोडला. सोबोरो, गोड डाळीचा बन आणि डोनट, तिघांचं एकत्र कुटुंब!

दुकानाबाहेर उभं राहूनच खाल्ला, कारण तो गरमच खायचा असतो. पहिल्या घासाला वरचा थर चकलीसारखा कुडुम वाजतो. मग मऊ पाव. मग सारण. हे सारण म्हणजे पुरणच हो! फक्त गुळाऐवजी साखर, आणि वेलची-जायफळ घरी विसरलेलं. माझ्या जिभेला ती वेलची सतत हवी होती. पण पुरण एवढ्या कुरकुरीत कवचात कधी खाल्लं नव्हतं, हेही खरं. कढईशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे दोन मिनिटं बघत राहिले. आपल्या वडेवाल्याची तीच लय. झारा, निथळणं, पुढचा घाणा.

दुसरा गाजलेला प्रकार 'बुचू प्पांग'. लसणाच्या पातीसारखी दिसणारी बुचू नावाची पात आणि अंडं भरलेला तिखटामिठाचा बन. मला हा जास्त आवडला. गोडाच्या माऱ्यात एकदम आईच्या हातच्या पातीच्या भाजीची आठवण आली. एक धोक्याची सूचना मात्र शाकाहारींसाठी. कोरियन ब्रेडच्या पोटात सॉसेज किंवा हॅम बेमालूम लपलेलं असू शकतं, तेव्हा ट्रेमध्ये टाकण्याआधी विचारा.

शेजारच्या इमारतीत फक्त केक. तिथला स्ट्रॉबेरीचा 'सिरू' केक दोन किलोंहून जड असतो आणि सीझनमध्ये त्यासाठी लोक पहाटेपासून उभे राहतात. सिरू म्हणजे तांदळाचे पारंपरिक केक उकडायचं मातीचं भांडं. आपलं मोदकपात्रच म्हणा ना! नाव जुन्या भांड्याचं, आत स्पंज आणि क्रीम. हे मला फार आवडलं.

पण या बेकरीची खरी गोष्ट चवीच्या मागे आहे. तिचे संस्थापक इम गिल-सुन मूळचे उत्तरेतल्या हामग्योंगचे. डिसेंबर १९५० मध्ये युद्धात हंगनाम बंदरातून हजारो निर्वासित जहाजांवर चढले, त्यांत ते कुटुंबासह होते. १९५६ मध्ये सोलला निघाले असताना गाडी डेजॉनला बिघडली. खिशात काही नाही, ओळखीचं कुणी नाही. ते चर्चमध्ये गेले. तिथल्या पाद्र्यांनी त्यांना पिठाची दोन पोती दिली. एवढंच भांडवल. त्या पिठाचे उकडलेले बन करून त्यांनी स्टेशनसमोर विकायला सुरुवात केली, आणि रोज त्यातला काही भाग उपाशी माणसांना वाटायचा हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाकलं. 'सोंगशिम' म्हणजे येशूचं पवित्र हृदय. दुकान आजही त्या चर्चच्या समोरच आहे आणि उरलेला ब्रेड दुसऱ्या दिवशी विकायचा नाही, संस्थांना द्यायचा हा नियमही तसाच. २००५ मध्ये दुकान आगीत खाक झालं, तेव्हा कामगारांनीच राख उपसून काही दिवसांत भट्टी पुन्हा पेटवली. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस डेजॉनला आले, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा ब्रेड इथला होता.

मित्र हे सांगत होता आणि मला दादर स्टेशन दिसत होतं. १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी तिथं गाडी लावून वडा आणि पाव एकत्र आणला असं मानतात. दोन्ही गोष्टी स्टेशनाबाहेरच्या, घाईतल्या आणि भुकेल्या माणसांच्या.

आणि पीठ? तेही बहुतेक एकाच बोटीचं! युद्धानंतरच्या कोरियात अमेरिकेच्या मदतीचा गहू येत होता, 'पीएल ४८०' या कायद्याखाली. याच कायद्याचा गहू १९५६ पासून आपल्याकडे यायला लागला. आपल्या आज्या त्या लाल गव्हाला अजून नावं ठेवतात. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडा असं आवाहन केलं, आणि साधारण त्याच काळात कोरियाचं सरकार लोकांना तांदूळ कमी खा, गहू खा म्हणून मागे लागलं होतं. हॉटेलांत ठरावीक दिवशी भात बंद, शाळेत मुलांचे डबे उघडून भातात जव मिसळलाय का याची तपासणी! भातावर जीव टाकणाऱ्या देशाला ब्रेडची सवय अशी लागली. हौसेनं कमी आणि नाइलाजानं जास्त.

म्हणून मला वाटतं, 'कोरियन ब्रेड' हा काही खास पाककृतीचा प्रकार नाही. डाळीचं सारण जपानकडून आलं, पीठ अमेरिकेचं, शब्द पोर्तुगीज. कोरियातली सर्वांत जुनी समजली जाणारी गुनसानची 'इसोंगदांग' बेकरीसुद्धा १९४५ मध्ये जपानी मिठाईवाला निघून गेल्यावर त्याच्याच जागी उभी राहिली. स्वतःचं होतं ते फक्त, मिळालं त्यात काय घालायचं याचं डोकं. आपला वडापाव तरी दुसरं काय आहे?

तीन हजार दुकानं विरुद्ध एक शहर

कोरियातली मोठी चेन म्हणजे 'पॅरिस बॅगेट'. १९८८ मध्ये सोलला सुरू झाली, कोरियात तीन हजारांहून जास्त दुकानं, आणि २०१४ मध्ये तर खुद्द पॅरिसमध्ये दुकान टाकलं. सोंगशिमदांगचा हट्ट उलटा, डेजॉनबाहेर शाखा काढायची नाही. मॅनेजमेंट शिकलेल्या कुणालाही हा वेडेपणा वाटेल. पण २०२३ मध्ये या एका शहराच्या बेकरीनं १२,४३० कोटी वोनची विक्री केली, म्हणजे आपले साधारण पावणेआठशे कोटी रुपये, आणि नफ्यात त्या मोठ्या चेनच्या कंपनीला मागे टाकलं.

चेनचा विषय निघाला की कोरियन लोक आणखी एक गोष्ट सांगतात, ती गोड नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'पॅरिस बॅगेट'च्याच एसपीसी समूहाच्या प्योंगथेकमधल्या कारखान्यात रात्रपाळीला असलेली २३ वर्षांची मुलगी सॉस ढवळणाऱ्या यंत्रात अडकून गेली. लोकांनी त्या समूहाच्या मालावर बहिष्कार टाकला. मे २०२५ मध्ये त्याच समूहाच्या दुसऱ्या कारखान्यात आणखी एक कामगार बाई यंत्रात सापडली. मित्राच्या लॅबमधली एक मुलगी अजूनही त्यांचं काही घेत नाही. सकाळी सातला आपल्याला ताजा ब्रेड लागतो, म्हणजे पहाटे तीनला कुणीतरी यंत्रासमोर उभं असतं. तेवीस म्हणजे आपल्या ऑफिसातल्या ट्रेनीचं वय.

संध्याकाळी डेजॉन स्टेशनवर परत आलो तर दर तिसऱ्या माणसाच्या हातात तीच पिशवी. स्टेशनातही बेकरीची शाखा आहे, त्यामुळे सोलहून नुसतं तेवढ्यासाठी येऊन स्टेशनाबाहेर पाऊल न टाकता परत जाणारे महाभागही असतात. तसं करू नका. मूळ दुकानात, चर्चच्या समोर जा. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर पोचा, आणि पोट रिकामं ठेवा. थ्विगिम सोबोरोचा सहाचा बॉक्स मिळतो. त्यातला एक तिथंच गरम खा. उरलेले दुसऱ्या दिवशी बिनतेलाच्या तव्यावर मंद आचेवर फिरवून घ्या, मायक्रोवेव्हमध्ये घातलेत तर कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा. आणि हो, बॅगेत वेलचीची पूड असेल तर चिमूटभर सारणावर टाकून बघा. मी टाकली. मित्रानं माझ्या हातातून उरलेला अर्धा बन काढून घेतला.