टेहळणीच्या मनोऱ्यावर

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने आधी तिकिटाचे, बिस्तऱ्याचे आणि चुकलेल्या गाडीचे रडगाणे गावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. माझ्यापाशी त्यातले काहीच नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातील शोशोनी अरण्यात मी एका उन्हाळ्याचे ७९ दिवस काढले. आणि त्याला घरच्या खुर्चीतल्या दोन संध्याकाळी पुरल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कँपो सँटो’ या लहानशा मंडळीने २०१६ साली काढलेला ‘फायरवॉच’ हा व्हिडिओ गेम म्हणजे माझी गाडी. हा खेळ जेमतेम चार-पाच तासांचा. यात गुण नाहीत, बंदूक नाही, कोणाला हरवायचे नाही. चालायचे, पाहायचे आणि बोलायचे.

अरण्य खरे आहे. यलोस्टोन उद्यानाला पूर्वेकडून लागून असलेला हा सुमारे २४ लाख एकरांचा मुलूख १८९१ साली सरकारने राखून ठेवला. अमेरिकेतले हे पहिले राष्ट्रीय राखीव रान. खेळातल्या वाटा, तळी आणि कडे मात्र कलावंतांनी रचलेले आहेत. साल १९८९. आदल्याच उन्हाळ्यात यलोस्टोनमध्ये सुमारे आठ लाख एकरांवर वणवा फिरला होता, आणि सप्टेंबरात हिम पडले तेव्हा कुठे तो आवरला. त्यामुळे या उन्हाळ्यात धुराची रेघ दिसली की सगळ्यांच्या छातीत धस्स होते.

हेन्री हा आपला नायक. उंच खांबांवर उभारलेल्या, चारी बाजूंनी काचा असलेल्या एका खोलीत राहायचे आणि धूर दिसला की कळवायचे, ही त्याची नोकरी. १९१० सालच्या महाभयंकर वणव्यानंतर असे मनोरे अमेरिकेच्या डोंगराडोंगरांवर उभे राहिले. खोलीच्या मध्यभागी नकाशा बसविलेली एक वाटोळी तबकडी असते. तिच्यावरच्या पट्टीतून डोळा लावून धुराकडे पाहिले की दिशेचा अंश मिळतो. परंतु यात एक गंमत आहे. एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. आग त्या रेषेवर नेमकी कोठे आहे, ते कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या मनोऱ्यावरच्या माणसाने आपली रेषा सांगावी लागते. दोन रेषा जेथे छेदतात, तेथे आग!

हेन्रीचा तो दुसरा मनोरा म्हणजे डेलाइला. दूरच्या डोंगरावर रात्री तिच्या खोलीचा दिवा दिसतो, आणि वॉकी-टॉकीवर तिचा आवाज येतो. ती स्वतः कधीच दिसत नाही. हा खेळ मुख्यतः या दोघांच्या बोलण्याचा आहे. तिने काही विचारले की उत्तरे पडद्यावर येतात, त्यांतले एक आपण निवडायचे; किंवा गप्प राहायचे. गप्प राहणे हेही तिथे उत्तर धरले जाते, हे मला फार आवडले.

चालताना आपल्या हाती कागदी नकाशा आणि होकायंत्र असते. वाटेत पिवळ्या पेट्या लागतात; सगळ्यांच्या कुलपांचा आकडा एकच, १-२-३-४! आत पूर्वीच्या माणसांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडतात, नकाशावर नव्या खुणा चढतात. पहिल्या दिवशी पावलोपावली नकाशा उघडावा लागतो. पुढे पुढे हात आपोआप वळणावर वळतो. गाव पायाखालचे होणे म्हणतात ते हेच, आणि ते खुर्चीत बसून होते याचे मला नवल वाटले. ऑली मॉस या इंग्रज चित्रकाराने रानाला रंग दिले आहेत ते जुन्या राष्ट्रीय उद्यानांच्या भित्तिचित्रांवरून. संध्याकाळी सारे डोंगर शेंदरी होऊन एकामागे एक उभे राहतात, तेव्हा कामाचा विसरच पडतो.

पण हेन्री इथे निसर्ग पाहायला आलेला नाही. त्याची पत्नी ज्युलिया विद्यापीठात शिकवणारी; तिला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाने गाठले. आईवडील तिला ऑस्ट्रेलियाला घेऊन गेले, आणि हा रानात आला. मीही चाळिशी ओलांडलेली, मीही फळ्यासमोर उभी राहणारी. एखाद्या दिवशी कवीचे नाव ओठांवर येऊन थांबते तेव्हा वर्गाला कळत नाही, पण मला कळते. शिवाय आमच्या आईने शेवटची दोन वर्षे मला रोज ‘आपण कोणाकडच्या?’ असे विचारले आहे. म्हणून या माणसाला पळपुटा म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. तसे म्हणता येईना. कारण त्याचे पाय माझ्या हाती होते. वळण मीच घेत होते, आणि ते शेंदरी डोंगर मलाही सोडवत नव्हते. दुःखापासून पळणाऱ्याला कुरूप जागा सापडली असती तर तो लवकर परतला असता. खरा पाश सुंदर जागेचा.

मधल्या रहस्याची उकल मी करीत नाही. एवढेच सांगते, की त्या रानात तोंड लपवून राहिलेला हेन्री एकटाच नाही. दुसऱ्या एकाला घरी परतणे साफ अशक्य झालेले आहे, आणि त्याचे काय होऊन बसले ते हेन्रीला डोळ्यांनी पाहावे लागते.

शेवटी वणवा सगळीकडून येतो. हेन्री धुरातून वाट काढीत डेलाइलाच्या मनोऱ्यावर पोहोचतो, तो खोली रिकामी! ती आधीच्याच हेलिकॉप्टरने गेलेली असते. तिची खुर्ची, तिचा पसारा, आणि वॉकी-टॉकीवर तिचा आवाज. पुष्कळ खेळणाऱ्यांना हा शेवट रुचला नाही; उन्हाळाभर जिच्याशी बोललो तिची भेटही नाही, ही त्यांची तक्रार. मला वाटते, भेट झाली असती तर हेन्रीला पळायला आणखी एक मुक्काम मिळाला असता. डेलाइला त्याला ज्युलियाकडे जायला सांगते. आपली रेषा ती देते. आगीकडे जायचे काम त्याचे.

आज विमाने, उपग्रह आणि कॅमेरे आल्यावर बहुतेक मनोरे ओस पडले आहेत. थोड्यांवरच उन्हाळ्यात माणूस बसतो. त्या माणसाकडे वणवा विझविण्याची साधने नसतात. आग कोठे आहे एवढे त्याने नेमके सांगायचे, आणि तेही दुसरीकडून कोणी साद दिली तर.