वाट पाहण्याची सहल

प्रवासवर्णन लिहिण्यासाठी मंडळी हिमालयात जातात, युरोपात जातात. खिशाची अगदीच ओढाताण असली तर महाबळेश्वरावर भागवतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटीत कोणी सहलीला गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत येथे उभी राहिली. रस्त्यांना नावे द्यायलाही कोणाला सवड नव्हती बहुधा. रोड नंबर 16, रोड नंबर 22 असे आकडे देऊन काम भागवले. पुढे बरेच कारखाने एकेक करून थंडावले आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. तरीही माझे म्हणणे असे, की प्रवासाचा आनंद पाहायचा असेल तर याच वसाहतीत यावे. कारण रोड नंबर 16 वर पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

तेथल्या रांगेतले बहुतेक जण अजून कोठेही गेलेले नसतात; पण चेहरे पाहा! एक आजोबा कागदपत्रांची फाईल दहाव्यांदा उघडून पाहत असतात. लेकाकडे निघालेल्या आजीबाईंना एकच घोर, मेतकूट नेऊ देतील की नाही. कोणाचे सामान हरवलेले नाही, कोणाचे पाय सुजलेले नाहीत, हॉटेलातली खोली समुद्राऐवजी मागच्या भिंतीकडे तोंड करून कोणालाही मिळालेली नाही. परदेश इतका निर्दोष पुन्हा कधीही दिसत नाही.

आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले असावे. प्रतीक्षा करण्याला आपण 'वाट पाहणे' म्हणतो. घरबसल्या वाट पाहिली, म्हणजे अर्धा प्रवास झालाच की! कालिदासाच्या यक्षाने तरी दुसरे काय केले? तो रामगिरीवर अडकून पडलेला. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे पुष्कळ जण मानतात. शाप सरायला चार महिने उरलेले, आणि हा मेघाला अलकानगरीपर्यंतची वाट सांगतो आहे, नदीनदीवरचे मुक्काम ठरवून देतो आहे! चार महिने म्हणजे 120 दिवस. रेल्वेचे आगाऊ आरक्षणही पूर्वी बरोबर तितकेच दिवस आधी मिळत असे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आले. रेल्वेची त्यात सोय असेल; पण गणपतीला तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला निघणाऱ्या माणसाच्या आनंदातले दोन महिने कापले गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवायचा? सकाळी आठच्या ठोक्याला खटपट करून 'तिकीट झाले' असे घरात जाहीर केले, की त्या क्षणापासून लोकलच्या गर्दीतही त्याला गावच्या मातीचा वास येऊ लागतो.

हॉलंडमधल्या संशोधकांनी 2010 साली सुमारे दीड हजार माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहलीला जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांहून अधिक सुखी असतात. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरत नाही, असे त्यांना आढळले. एवढ्यासाठी हॉलंडला कष्ट द्यायला नको होते. आमचे अण्णा पुरेसे होते.

अण्णा वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात फिटर होते. 1948 च्या कारखाने कायद्यात अशी तरतूद होती, की वर्षात 240 दिवस काम भरले तर पुढे दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, आणि न घेतलेली रजा 30 दिवसांपर्यंत साठवता येई. अण्णा ती साठवीत, सिमल्यासाठी. शुक्रवारी कारखान्याला सुटी. जेवण आटोपले की रेल्वेचे वेळापत्रक उघडायचे. कालका-सिमला गाडी 1903 साली सुरू झाली, मार्ग 96 किलोमीटरचा, बोगदे 103, त्यांत बरोगचा सर्वांत लांब, हे सारे मला पाढ्यांबरोबरच पाठ झाले. दरी डाव्या खिडकीतून चांगली दिसेल की उजव्या, यावर शेजाऱ्यांशी त्यांचे वादही होत. आईने सिमल्याच्या थंडीसाठी स्वतःला करड्या लोकरीचा स्वेटर विणला होता. रजा मात्र कधी आजारपणात, कधी लग्नकार्यात खर्च होई. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला. अण्णांनी वेळापत्रक टाकले नाही. शेवटपर्यंत ते मोठ्या आनंदाने सिमल्याला जातच राहिले.

न जाता सिमला भोगणारा माणूस म्हणून नातेवाइकांत त्यांचे कौतुक होई. आई त्यात सामील होत नसे. एकदा ती एवढेच म्हणाली, "त्यांचा सिमला झाला रे. माझा स्वेटर राहिला."

वाट पाहण्याचे सुख घरात सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. एक जण नकाशा उलगडून बसतो. त्याच वेळी दुसरे कोणी दशम्या करीत असते, दूधवाल्याला निरोप देत असते, मुलांचे लोकरी कपडे उन्हात घालीत असते. तिला सुटीआधीचे दिवस म्हणजे रोजच्याहून दुप्पट काम. तिची सुटी गाडी हलल्यावर सुरू होते; गाडी हललीच नाही, तर तिच्या पदरात काय? शिवाय सावंतवाडीवाल्याच्या तिकिटावर तारीख असते. तारखेवाचून वाट पाहणे फार थोड्यांना झेपते. अण्णांना झेपले.

2024 च्या मे महिन्यात आम्ही आईला घेऊन सिमल्याला गेलो. तेव्हा अजून चार महिने आधी तिकीट मिळत होते. छापून आणलेला कागद आईने देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज पूजेच्या वेळी तारीख वाचली. स्वेटर डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बरोबर आला. दिल्लीच्या उकाड्याने जीव नकोसा झाला. पण कालक्याला छोट्या गाडीत बसलो आणि मी अण्णांचा शिष्य होऊन बोगद्यांचे क्रमांक मोठ्याने वाचू लागलो. क्रमांक 103 पर्यंत जातात, पण 46 क्रमांकाचा बोगदा आता नाही, म्हणजे खरे बोगदे 102, ही माहितीही मी आईला उत्साहाने पुरवली.

"मोजून काय करायचंय?" खिडकीतून मान न वळवता ती म्हणाली. "बघू दे मला."

बरोगला गाडी थांबली, तेव्हा आमच्यात सर्वांत आधी तीच खाली उतरली.