शेळी कोणती, मेंढी कोणती?

वसईहून शिक्षक म्हणून मी टोकावड्याला गेलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. शेळी आणि मेंढी यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती. बालपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाहिलेल्या चित्रात प्रभूच्या उजवीकडे पांढरीशुभ्र मेंढरे होती आणि डावीकडे काळ्या शेळ्या.

दिवाळी सरली, भातकापणी आटोपली आणि माळशेज घाट उतरून धनगर आले. शेतकऱ्यांनी मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवल्या; लेंडीखताच्या मोबदल्यात धनगरांना धान्य मिळे. मुलांना घेऊन मी कळप पाहायला गेलो, तो मेंढ्याही काळ्या आणि त्यांच्यात मिसळलेल्या शेळ्याही काळ्या! एका शेळीला मी मेंढी म्हटले आणि मुले हसली.

"गुरुजी, शेपूट बघा ना," एक कातकरी मुलगा म्हणाला. "शेळीची वर, मेंढीची खाली. शेळी मान वर करून पाला खाते, मेंढी खाली बघून गवत."

पुढे पुस्तकांतून कळले, की मेंढीच्या डोळ्याखाली एक खाच असते, ती शेळीला नसते. मेंढीची गुणसूत्रे ५४, शेळीची ६०. दक्षिण अमेरिकेतील लामा आणि अल्पाका मात्र इतके जवळचे, की दोघांचीही गुणसूत्रे ७४ आणि त्यांचा संकरही होतो. लामाचे कान लांब व केळ्यासारखे वाकलेले, अल्पाकाचे आखूड व सरळ, ही त्यांची ओळख.

"मेंढ्यांत शेळ्या कशाला ठेवता?" मी धनगरणीला विचारले.

"दुधाला," ती म्हणाली. "मेंढी मेली तर तिचं कोकरू शेळीच्या दुधावर जगतं, गुरुजी."

त्या रात्री मत्तयच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय काढला. मेंढपाळ शेळ्या-मेंढ्या वेगळ्या करतो, तसा तेथे राजा माणसांचा निवाडा करतो. कोणी किती शिकला, हे तो विचारीत नाही. भुकेल्याला कोणी अन्न दिले, उघड्याला कोणी वस्त्र दिले, परक्याला कोणी घरात घेतले, एवढेच पाहतो.

मी अस्वस्थ झालो. माझ्या वर्गातही दोन रांगा होत्या. उजवीकडे हुशार, डावीकडे 'ढ'. ती विभागणी मीच केली होती. मला शेळी ओळखायला शिकवणारा मुलगा डाव्या रांगेत शेवटच्या जागी बसे. मधल्या सुटीत अर्धी भाकरी शेजाऱ्याला देणाराही तोच. हे मी रोज पाहत होतो. पण माझ्या हिशेबात त्याला गुण नव्हते.

सोमवारी मी रांगा मोडल्या. तो मुलगा मात्र आला नाही. रविवारीच आईबापांबरोबर तो वीटभट्टीवर गेला होता. माझ्या तिथल्या मुक्कामात तो पुन्हा शाळेत दिसला नाही.

दर तीन वर्षांनी ख्रिस्तराजाच्या सणाला हा उतारा मिस्सात वाचला जातो. तेव्हा मी मान खाली घालून ऐकतो.